निवेदक बदलतो तेव्हा: कादंबरीतला दृष्टिबदल वर्गात कसा शिकवावा

‘प्रस्तुत कादंबरीत लेखकाने प्रथमपुरुषी निवेदनाचा प्रभावी वापर केला असून त्यामुळे कादंबरी वास्तव व परिणामकारक झाली आहे.’ मराठी साहित्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य उत्तरपत्रिकांमध्ये वाचलेलं असतं. एका उन्हाळ्यात एकाच गठ्ठ्यात ते इतक्यांदा आलं, की मी तपासणं थांबवून आपण वर्गात नेमकं काय शिकवलं होतं ते आठवत बसले. फळ्यावर मीच तक्ता काढला होता. प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वज्ञ, मर्यादित, आणि प्रत्येकापुढे फायदे-तोटे. मुलांनी तो जसाच्या तसा परत दिला होता. त्या वाक्यातलं ‘प्रथमपुरुषी’ खोडून ‘तृतीयपुरुषी’ लिहिलं तरी ते तितकंच खरं किंवा तितकंच पोकळ राहिलं असतं, हे मला त्या दिवशी फार लागलं.

तेव्हापासून मी प्रकारांपासून सुरुवात करत नाही. निवेदक बदलतो त्या जागेपासून करते. त्या जागेला आम्ही वर्गात ‘सांधा’ म्हणतो. हा शब्द मुलांनीच दिला. दादरहून सुटलेली लोकल स्लोवरून फास्ट लायनीवर जाते तेव्हा डबा कडेला झुकतो, चाकांचा आवाज बदलतो, उभी माणसं नकळत हँडल घट्ट धरतात. रुळांचा तो सांधा. कादंबरी एकाच्या नजरेतून दुसऱ्याच्या नजरेत शिरते तिथे वाचकालाही असाच झोल बसतो, आणि तो झोल कसला हे शोधायला शिकवलं की प्रकारांची नावं आपोआप मागून येतात.

खालचा क्रम पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी आहे. ४८ मिनिटांचे आठ तास मिळाले तर उत्तम. सहा मिळाले तर पहिली आणि दुसरी पायरी एकत्र करा, पण तिसरी पायरी कापू नका.

पहिली पायरी: फळ्यावर एक मजला

पहिल्या तासाला पुस्तक आणायचं नाही. फळ्यावर चाळीचा एक मजला काढायचा. ओळीने दहा खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला नळ. मग विचारायचं, की तीन नंबरच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या बाईला काय दिसतं? जिन्याने कोण वर आलं ते दिसतं. सहा नंबरच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, आवाज मात्र येतो. नळावर उभ्या असलेल्याला बहुतेक माणसं पाठमोरी दिसतात. खाली अंगणात उभं राहून वर पाहणाऱ्याला दारांचे वरचे अर्धे भाग दिसतात, उंबरे नाहीत.

मुलांना हे सांगावं लागत नाही, तीच सांगतात. ज्यांचं बालपण गिरगाव-लालबागच्या चाळीत गेलंय त्यांना तर थांबवावं लागतं. इथे एक बदल करून बघा. वरळीच्या किंवा नायगावच्या बीडीडी चाळीत उघडी गॅलरी नसते, मधून बंद पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. तिथे समोरच्याच्या दारातून थेट त्याचं स्वयंपाकघर दिसतं, पण चार खोल्या पलीकडचं काही दिसत नाही. आता तीच घटना तिथे घडली तर कोणाला काय कळेल? टॉवरमध्ये वाढलेली मुलं लिफ्ट, लॉबी आणि दारावरचं छोटं भिंग घेऊन येतात. तेही घ्यावं. इमारत बदलली की साक्षीदार बदलतात, एवढं त्यांच्या हाताला लागलं की तास संपला तरी चालेल. त्या दिवशी ‘दृष्टिकोन’ हा शब्दसुद्धा उच्चारू नका.

दुसरी पायरी: एक पाकीट, तीन आवाज

दुसऱ्या तासाला याच मजल्यावर एक घटना घडवायची. मी गेली काही वर्षं स्वतः लिहिलेले तीन छोटे उतारे वापरते. सहा नंबरची खोली म्हाताऱ्या सासूच्या नावावर आहे. चाळीचा पुनर्विकास व्हायचाय, बिल्डरला संमतीपत्रं हवी आहेत. मुलगा अविनाश कामावर गेलाय. दुपारी पोस्टमन येतो. उतारे एकदम वाटायचे नाहीत, एकेक करून द्यायचे. पहिला असा:

*साडेतीनला कडी वाजली. सासूबाईंचा डोळा नुकताच लागला होता. सुनंदाने सही करून पाकीट घेतलं आणि दार हलकेच लोटलं. बिल्डरचं पाकीट, नाव सासूबाईंचं. आता हे ठेवायचं कुठे? कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. तिने तांदळाचा डबा उघडला.*

हे वाचल्यावर वर्गाला विचारायचं, की सासूबाई काय करत होत्या? सगळे म्हणतात, झोपल्या होत्या. ते उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मग दुसरा उतारा:

*कडी वाजली तेव्हा मी जागीच होते. डोळे मिटून पडलं की घरातलं सगळं नीट ऐकू येतं. पोस्टमनचा आवाज, पेनाचं टोपण, मग दार. माझ्या नावाचं काही आलं की सून हाक मारते. आज मारली नाही. जरा वेळाने तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. भाताची वेळ नव्हती.*

इथे थांबा. घाई करू नका. कोणीतरी मान वळवून फळ्याच्या कोपऱ्याकडे बघतंच. ‘पण पहिल्यात तर लिहिलं होतं की डोळा लागला होता!’ हो, लिहिलं होतं. मग निवेदक खोटं बोलला का? या एका प्रश्नावर पंधरा मिनिटं सहज जातात आणि ती जाऊ द्यावीत. हळूहळू कोणीतरी म्हणतं, की ते सुनंदाला वाटत होतं. निवेदन तृतीयपुरुषी होतं, ‘मी’ कुठेच नव्हता, म्हणून आपण ते वाक्य वस्तुस्थिती म्हणून घेतलं. प्रत्यक्षात तो सुनंदाचा समज होता आणि निवेदकाने त्यावर ‘तिला वाटलं’ अशी पाटी लावली नव्हती. मर्यादित तृतीयपुरुषी निवेदन म्हणजे काय, हे माझ्या तक्त्याने जितक्या वर्षांत शिकवलं नाही तितकं त्या कोपऱ्यातल्या एका उत्तराने शिकवलं.

तिसरा उतारा तीन नंबरच्या बाईंचा:

*सहा नंबरच्या सुनेने सही करून पाकीट घेतलं. मी कपडे काढत होते म्हणून दिसलं, नाहीतर मला काय करायचंय? संध्याकाळी नळावर म्हातारीला विचारलं, काही आलं का हो? तर म्हणाली, नाही बाई, आमच्याकडे कोण काय पाठवणार! खोली विकतायत म्हणे.*

शेजारीण चुकीच्या निष्कर्षाला पोचते. पण तिच्याच तोंडून आपल्याला असं काही कळतं, जे सुनंदालाही ठाऊक नाही. सासूला सगळं कळलेलं आहे आणि तरी तिने चारचौघांत सुनेला सांभाळून घेतलं. हे सासूने स्वतः सांगितलं असतं तर बढाई वाटली असती. सुनेला कळलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. जिला यातलं काही समजलेलं नाही, तिच्याकडून ते आल्यामुळे वाचक एकटाच ते घेऊन बसतो.

आता उताऱ्यांचा क्रम बदलायला सांगा. शेजारीण आधी आली तर ही चहाडीची गोष्ट होते आणि सुनंदा संशयित म्हणून प्रवेश करते. सासू आधी आली तर सुनंदाच्या उताऱ्यातलं ‘डोळा नुकताच लागला होता’ वाचताना आपल्याला तिची कीव येते, कारण आपण तिच्या पुढे असतो. शब्द एकही बदललेला नसतो. मुलांचे गट करून सहाही क्रम लावायला दिले तर एक तास पुरतो.

याच टप्प्यावर फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये वेगळे काढलेले दोन प्रश्न द्यावेत, पाहतं कोण आणि बोलतं कोण. पहिल्या उताऱ्यात बोलणारा निवेदक अनामिक आहे, पाहणारी सुनंदा आहे. दुसऱ्यात दोन्ही सासूच. आधी हे प्रश्न दिले असते तर ती एक व्याख्या झाली असती. आता ते हत्यार म्हणून हातात येतात.

तिसरी पायरी: मराठीच्या खुणा

दृष्टिकोनावरची बहुतेक पाठ्यपुस्तकी चर्चा इंग्रजीतून आलेली आहे आणि इंग्रजीचं व्याकरण गृहीत धरते. मराठीत दृष्टिकोन वेगळ्या जागी उमटतो. विद्यार्थ्यांना या जागा दाखवल्या नाहीत तर ते कादंबरीत हवेत शोधत राहतात. म्हणून ही पायरी कापू नका म्हणाले.

पहिली जागा नात्याचा शब्द. सुनंदाच्या उताऱ्यात निवेदक तिसरा कुणी असूनही म्हातारीला ‘सासूबाई’ म्हणतो. कोणाच्या सासूबाई? निवेदकाच्या तर नाहीत. तो सुनंदाच्या जागी जाऊन उभा राहिलाय. शेजारणीच्या तोंडी तीच बाई ‘म्हातारी’ होते. ‘सासूबाईंच्या’ जागी ‘पार्वतीबाई’ लिहून उतारा पुन्हा वाचायला लावा. खोलीतलं तापमानच उतरतं, आपण गॅलरीत जाऊन पडतो. अहोजाहोचंही तसंच. निवेदन एखाद्या पात्राला ‘ते आले’ म्हणतं की ‘तो आला’, आणि मधल्याच एखाद्या प्रकरणात ‘ते’चा ‘तो’ होतो का, हे पेन्सिलीने खूण करत वाचायचं. कितीतरी कादंबऱ्यांतला सांधा प्रकरणाच्या मथळ्यात सापडत नाही, सर्वनामात सापडतो.

दुसरी जागा क्रियापदाचं लिंग. मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटलं की निवेदक पुरुष की स्त्री हे उघड होतं. या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात मी ‘आठवत बसले’ असं लिहिलं आणि माझ्याबद्दलची एक गोष्ट तुम्हाला न विचारता कळली. पण ‘मी पाकीट घेतलं’, ‘मी दार लोटलं’, ‘मी सही केली’ इथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून सांगणारा लपू शकतो. ‘मी जाईन’मध्येही लपतो. दहा वाक्यांचा प्रथमपुरुषी उतारा असा लिहायला द्या, की निवेदकाचं लिंग शेवटच्या वाक्यापर्यंत कळू नये आणि वाक्यं अवघडलेली वाटू नयेत. मुलं या खेळात रमतात आणि एका तासात प्रयोगांचं व्याकरण पक्कं होतं, ते वेगळंच.

हे केल्यावर हरिभाऊ आपट्यांकडे वळावं. १८९० साली ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली तेव्हा एक पुरुष लेखक पानामागून पान ‘मी गेले’, ‘मी रडले’ असं लिहीत होता. नायिका यमूचं अख्खं आयुष्य त्या स्त्रीलिंगी क्रियापदावर उभं आहे. एवढं सांगून पहिली काही पानं मोठ्याने वाचली, की प्रथमपुरुषी निवेदनाचे ‘फायदे’ कोणी विचारत नाही.

तिसरी जागा ‘आम्ही’ आणि ‘आपण’. बिल्डरसमोर उभा राहिलेला भाडेकरू ‘आम्ही चाळकरी’ म्हणेल, चाळीच्या सभेत तोच ‘आपण चाळकरी’ म्हणेल. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये आत ओढला जातो. सामूहिक आवाजात लिहिलेल्या मजकुरात लेखकाने यातलं कोणतं निवडलंय त्यावरून वाचकाला कुठे बसवलंय ते ठरतं. (मुंबईच्या नाक्यावर ‘आपण नाय घाबरत’ म्हणजे ‘मी’, हा तिसराच ‘आपण’. मुलं तो आणतातच, आणलाच पाहिजे.)

चौथी जागा मनातल्या वाक्याची. ‘आता हे ठेवायचं कुठे?’ हे कोण म्हणालं? अवतरणचिन्ह नाही, ‘ती म्हणाली’ नाही. इंग्रजीत पात्राचा विचार निवेदनात मिसळताना सहसा काळ मागे सरकवतात आणि ‘मी’चा ‘ती’ करतात. मराठीला ते करावं लागत नाही. ‘तिला वाटलं, मी इथे थांबायलाच नको होतं’ हे आपल्याकडे सरळ चालतं. त्यातून ‘ठेवायचं’ या रूपाला पुरुषच नाही. ते सुनंदाचंही आहे, निवेदकाचंही, आणि क्षणभर वाचकाचंही. अशी वाक्यं शोधून खाली रेघ मारायला लावा. एखाद्या प्रकरणात रेघा दाट झाल्या की आपण पात्राच्या डोक्यात खोल शिरलोय आणि विरळ झाल्या की बाहेर येतोय, असं पानाकडे लांबून बघूनही कळतं.

शेवटची जागा ‘म्हणे’ची. ‘खोली विकतायत म्हणे’ यात शेजारणीने जबाबदारी झटकली. ‘मी कपडे काढत होते म्हणून दिसलं’ यातल्या ‘दिसलं’नेही झटकली. ‘पाहिलं’ म्हटलं असतं तर कबुली झाली असती.

चौथी पायरी: सांध्यांची वही

आता वाचनाची शिस्त. प्रत्येकाने एक वही करायची. पानावर तीन रकाने. पहिल्यात सांधा कोणाकडून कोणाकडे आणि पान क्रमांक. दुसऱ्यात, आधीच्या निवेदकाला माहीत नसलेलं असं काय आता वाचकाला कळलं. तिसऱ्यात, आधी कळत होतं असं काय आता बंद झालं.

तिसरा रकाना मुलं रिकामा सोडतात. तोच महत्त्वाचा आहे. दार उघडल्याचं लक्षात येतं, बंद झाल्याचं येत नाही. सुनंदाकडून सासूकडे गेलो तेव्हा सासू जागी असल्याचं कळलं. पण पाकीट डब्यात टाकताना सुनंदाच्या मनात काय होतं, भीती की कारस्थान, ते कायमचं निसटलं. आपण पुन्हा तिच्या डोक्यात गेलोच नाही. हे उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांकडून लिहून घ्या, म्हणजे पुढे रकाना रिकामा राहत नाही.

विरारहून, बदलापूरहून येणारी मुलं गाडीत वाचतात आणि गाडीत वही धरता येत नाही. त्यांना पुस्तकातच चिठ्ठ्या लावू द्या, वही नंतर भरली तरी चालते. कादंबऱ्या विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, तिथे सगळ्या वर्गाला एकदा घेऊन जा.

पाचवी पायरी: कादंबऱ्या

इथे निवड मोलाची. सहा कादंबऱ्यांचा ओझरता परिचय देण्यापेक्षा दोन नीट घ्याव्यात, बाकीच्यांचे उतारे.

मी ‘ययाति’पासून सुरू करते (खांडेकर, १९५९). ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही ‘मी’ म्हणून बोलतात आणि कथानक महाभारतातून ठाऊक असतं. पुढे काय होणार याची उत्सुकता आधीच संपलेली असल्यामुळे लक्ष सांगणाऱ्यावर जातं. मुलांना एकच काम द्यायचं. हे तिघं एकमेकांना कोणत्या शब्दांनी संबोधतात आणि एकमेकांबद्दल कोणते शब्द वापरतात, याची यादी. राजकन्या असून दासी झालेली शर्मिष्ठा आणि तिची मालकीण झालेली देवयानी, यांच्या याद्या शेजारी-शेजारी लावल्या की तिसऱ्या पायरीत शिकलेलं कामाला येतं.

‘मृत्युंजय’ (शिवाजी सावंत, १९६७) जाडजूड आहे, अख्खी वर्गात होत नाही. पण तिची रचना एका तासात दाखवता येते आणि दाखवावीच. नऊ भाग, सहा निवेदक. त्यातले चार भाग कर्णाचे, उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांचे. वर्गाला दोन प्रश्न द्या. कर्णाला स्वतःच्या जन्माची हकिकत कळण्याआधीच कुंती बोलते, मग त्यानंतर कर्णाचं ‘मी सूतपुत्र’ आपण कसं वाचतो? तेच शब्द आता दुखतात, कारण आपल्याला ठाऊक आहे आणि त्याला नाही. दुसरा प्रश्न, शेवटचा भाग कृष्णाकडे का? कोणीतरी चटकन म्हणतं, ‘मॅडम, कर्ण मेल्यावर कर्ण कसा सांगणार?’ बरोबर आहे. प्रथमपुरुषी निवेदकाला स्वतःचा शेवट पूर्ण सांगता येत नाही, ही अडचण आहे. पण त्या अडचणीतून लेखकाने वृषालीला किंवा शोणाला न निवडता कृष्णाला निवडलं. शत्रुपक्षाचा सारथी, आणि ज्याला कर्णाचं जन्मरहस्य आधीपासून ठाऊक होतं असा. वृषालीने शेवट सांगितला असता तर ग्रंथ कुठे संपला असता, यावर एक पान लिहून घ्या. मला आजवर मिळालेली सर्वांत चांगली पानं याच प्रश्नावरची आहेत.

मग मुद्दाम लहान आणि आजच्या काळातली घ्यावी, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६). दोन भाग. आधी भाऊ तनय, मग बहीण अनुजा. दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच माणसाच्या प्रेमात पडलेली. पूर्ण कादंबरीत सांधा एकच आहे, म्हणून तो स्वच्छ दिसतो. आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्या माणसाला स्वतःच्या बाजूने बोलायला एकही पान नाही. दोन साक्षी आहेत, मधली जागा रिकामी. वर्गात नेहमी कोणीतरी म्हणतं, ‘त्याचाही भाग हवा होता.’ त्या विद्यार्थ्याला तो भाग लिहायला सांगा, पाच-सहाशे शब्द. लिहून आणल्यावर तोच बहुतेक वेळा म्हणतो, की नको, यानं सगळं बिघडलं. हे ऐकायला मिळालं की समजावं, गाडी रुळावर आहे.

कोणाला बोलू दिलं नाही, हा प्रश्न एकदा शिकला की मुलं तो सगळीकडे विचारतात. इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी वर्गात असतील तर अमेरिकन कादंबरीकार फॉकनरच्या ‘ॲज आय ले डाइंग’चा (१९३०) उल्लेख करा. ५९ तुकडे, १५ निवेदक, आणि जिच्या मरणाभोवती सगळं फिरतं त्या आईला एकच तुकडा.

तृतीयपुरुषी निवेदनातले सांधे दाखवायला अरुण साधूंची ‘मुंबई दिनांक’ काढावी. राजकारणी, पत्रकार, कामगार पुढारी यांच्यामधून कादंबरी फिरत राहते आणि पूर्ण शहर कोणा एकाच्या नजरेत मावत नाही. आणि शेवटी, बदल न करण्याचंही एक उदाहरण हवं. ‘बनगरवाडी’त (व्यंकटेश माडगूळकर, १९५५) बाहेरून आलेला तरुण मास्तर सांगतो आणि अखेरपर्यंत तोच सांगतो. धनगरांच्या डोक्यात आपण एकदाही शिरत नाही. ती वाडी शेवटपर्यंत थोडी परकी राहते, मास्तरला राहते तशीच. सांधा टाकला असता तर काय गेलं असतं, हे विचारा.

सहावी पायरी: लिहायला लावणं

वाचणं कितीही झालं तरी एकदा स्वतः घसरल्याशिवाय हे अंगी लागत नाही. अविनाशचा चौथा उतारा घरून लिहून आणायला सांगा. रात्री तो घरी येतो, भात खायला बसतो. एवढंच द्या.

परत आलेल्या कागदांत एक चूक हमखास असते. ‘अविनाशने ताट पुढे ओढलं. सुनंदाला धाकधूक वाटत होती. आईला सगळं ठाऊक होतं.’ तीन वाक्यं, तीन डोकी. लाल शाईने ‘दृष्टिकोन चुकला’ असं लिहू नका. विद्यार्थ्याला बोलवा आणि विचारा, अविनाश या क्षणी सुनंदाची धाकधूक कशावरून ओळखेल? तो विचार करतो. मग येतं, ‘तिने वाढताना डाव डब्यावर आपटला.’ ‘तिने दुसऱ्यांदा विचारलं, भात पुरे ना?’ नजर एका माणसावर रोखून धरली की दुसऱ्याचं मन हावभावांतून बाहेर काढावं लागतं, आणि तिथे लेखन सुरू होतं. माझ्या एका विद्यार्थ्याने अविनाशला भातात कागदाचा चुरा सापडतो असं लिहिलं होतं. त्याला तो चुरा कशाचा ते कळत नाही, तो ताटाच्या कडेला काढून ठेवतो. वर्गात ते वाचलं तेव्हा कोणी बोललं नाही.

मात्र सर्वज्ञ निवेदकही असतो, आणि तो एका वाक्यातून दुसऱ्या डोक्यात जाऊ शकतो, हे सांगायला विसरू नका. जुन्या कादंबऱ्यांत तो कीर्तनकारासारखा सहज फिरतो. फरक एवढाच, की तो पहिल्या ओळीपासून तसा फिरत असतो. सुनंदाच्या मनात पाच पानं मुक्काम करून एका ओळीपुरतं सासूच्या मनात डोकावणं वेगळं.

सातवी पायरी: गुण

प्रश्नपत्रिकेत ‘निवेदनाचे प्रकार स्पष्ट करा’ असलं की पुन्हा तेच वाक्य येणार. अंतर्गत मूल्यमापन आपल्या हातात असतं, तिथे प्रश्न बदला. न शिकवलेल्या कादंबरीतला सांध्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक परिच्छेद छापून द्या आणि विचारा, की नजर कोणत्या शब्दाला बदलली? वाचकाला काय मिळालं, काय हरवलं? दहांपैकी पाच गुण त्या शब्दावर बोट ठेवण्यासाठी द्या. नात्याचा शब्द, सर्वनाम, क्रियापद, काहीही चालेल, पण बोट ठेवलेलं हवं. चार गुण मिळाल्या-हरवल्यासाठी. प्रकाराचं नाव बरोबर लिहिलं तर उरलेला एक.

चौथ्या उताऱ्यासाठी वेगळे दहा ठेवा. दरवर्षी एखादा विद्यार्थी कोरा कागद आणून म्हणतो, अविनाशचा भाग असूच नये असं मला वाटतं. त्याने का ते अर्ध्या पानात नीट लिहिलं असेल, पाकीट डब्यातच राहिलं पाहिजे आणि का राहिलं पाहिजे हे सांगितलं असेल, तर त्याला दहापैकी दहा द्यावेत.